अर्धा चमचा मीठ

नागानोच्या डोंगरातल्या एका उतारावरच्या गावात
कियोनो ताकामिसावा त्या हिवाळ्यात दारोदार हिंडली
हातात पेनाएवढं एक यंत्र घेऊन.
वाटीत बुडवायचं, आकडा पाहायचा,
आणि सासूच्या वयाच्या बायकांना सांगायचं :
मावशी, सूप खारट आहे.

कोण ऐकून घेईल?
बर्फ पाच-पाच महिने दारात ठाण मांडून बसतो.
त्या दिवसांत जे काही हिरवं, ते पिंपातल्या मिठात मुरलेलं.
उमेनो म्हातारीनं तर वाटीच ओढून घेतली.
"मिठाला नावं ठेवतेस?
याच मिठावर तुझा सासरा वाढला."

वाढला खरा.
बावन्नाव्या वर्षी छपरावरचा बर्फ ढकलता ढकलता
फावड्यासकट खाली आला,
डोक्यातली शीर फुटून.
गावात याला कुणी आजार म्हणत नसे.
म्हणत, थंडी बाधली.

कियोनोनं वाद घातला नाही.
पुढच्या आठवड्यात परत गेली. त्याच्याही पुढच्या.
यंत्र बुडवलं, आकडा वहीत टिपला,
चहा प्यायली, निघाली.
तिसऱ्या वर्षी उमेनोनं आपणहून वाटी पुढे केली,
"बघ गं, आज किती भरतंय?"

(हेही लिहून ठेवायला हवं
की दवाखाना तिथून सात मिनिटांवर होता,
डॉक्टर माडीवरच राहायचा,
आणि कितीही बर्फ पडला तरी
त्याच्या खिडकीतला दिवा गावातून दिसायचा.)

आता कियोनो एक्क्याण्णव वर्षांची आहे.
सफरचंदाच्या झाडावर चढू देत नाहीत
एवढीच तिची तक्रार.

*

मीठ तेच.
दुसऱ्या डोंगरात, लेसोथोत,
मातुमेलो ते पुडीत बांधून वाशाला टांगते
साखरेच्या पुडीशेजारी, उंदरांना पोचणार नाही असं.
एक लिटर पाणी, उकळून निववलेलं.
सहा चमचे साखर, सपाट.
अर्धा चमचा मीठ, तेही सपाट.
दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणातलं
एवढं तिला झोपेतून उठवलं तरी येतं.
जास्त झालं तर पोर दगावतं.
कमी झालं तरी.

मोहाउ आठ महिन्यांचा.
परवा रात्रीपासून पोटात काही ठरत नव्हतं.
टाळू खोल गेलेली,
रडायचा, पण डोळ्यांत पाणी नाही.
दवाखाना नदीपलीकडे,
नदी उतरलेली असेल तर तट्टावरून चार तास.
नदी उतरलेली नव्हती.

मग चमच्या-चमच्यानं, रात्रभर.
आई पेंगली की मातुमेलो,
मातुमेलो पेंगली की आई.
ओकला की जरा थांबायचं, पुन्हा एक चमचा.
कोंबडा आरवायच्या सुमारास
पोरानं तिच्या मांडीवर मुतलं
आणि ती हसत सुटली,
ओला झगा हातात धरून
शेजारणींना दाखवत फिरली,
जणू लग्नातला आहेर.

नवरा तिचा असा वाचला नाही.
सोन्याच्या खाणीतून परतला तो
छातीत दगडाची धूळ भरून.
तिच्यावर कुठलाच चमचा चालत नाही.
त्यात क्षय. त्याच्या गोळ्या होत्या, फुकट होत्या,
दर महिन्याला, नदीपलीकडे.
कधी पैसे नसायचे तट्टाचे, कधी वाट नसायची.
एकोणपन्नास.
मातीला आलेली पोरं म्हणाली,
म्हातारा चांगला होता.

म्हातारा!

*

असले तक्ते मी पाहिलेत :
देश एकाखाली एक,
प्रत्येकापुढे आयुष्याचा आकडा, दशांशासकट.
सरासरी नावाची बाई त्यात ठळक बसलेली असते.
ती कुठल्याच गावी राहत नाही,
तिला सासरा नाही, तिच्या वाटेत नदी नाही.

मातुमेलो चौपन्नची आहे.
तिचीही तक्रार एकच, पूल.
पाहणीला माणसं येतात दर दोन-तीन वर्षांनी,
फीत लावून पात्राची रुंदी मोजतात,
वहीत टिपतात, तिच्या हातचा चहा घेतात.
येतात मात्र
नदी कोरडी असते तेव्हा.