तिसरा भोंगा

पहाटे साडेपाचला नायना उठून बसतात,
अंधारात पायानं चपला चाचपतात.
"तिसरा झाला काय गं?"
मिल बंद पडून तीस वर्षं होत आली.

मोबाईलवर मी टाकलं: सोलापूर मिल भोंगा वेळ.
डोळ्याचं पातं लवायच्या आत चार लाख उत्तरं.
चादरी आल्या, दोनवर एक फुकट.
पडणाऱ्या चिमणीचा व्हिडिओ, खाली टाळ्या.
आणि तळाशी अदबीनं:
तुम्हाला भोपळा म्हणायचं होतं का?

रविवारी, बेचाळीस डिग्रीत,
साखर पेठेतल्या वाचनालयाचा जिना चढले.
हत्तुरे सर पंख्याखाली, मानेवर ओला टॉवेल.
"येमूलांची नव्हं तू? काय पायजे?"
"भोंग्याची वेळ."
हसले नाहीत.
"कुठल्या मिलचा? कुठलं साल?
उन्हाळी का हिवाळी?"
विचारलं तर मोबाईलनंही होतं,
पण भोपळ्याचं.

अठ्ठ्याहत्तरची फाईल, कोपरा वाळवीनं नेलेला.
भोंगा सापडेना.
हरवलेली शेळी सापडली, आणून देणाऱ्यास पाच रुपये.
विड्यांची जाहिरात, तलाव आटल्याची बातमी,
कुणा अंबव्वाचं शिवणयंत्र विकणे आहे.
दोन तास मी चुकीच्याच गोष्टी वाचत बसले
आणि एकदाही कंटाळले नाही.

मग एप्रिलात, सिनेमाच्या वेळांखाली,
बोटभर चौकट:
पहिला साडेपाच. दुसरा सव्वासहा. तिसरा साडेसहा.
तिसऱ्यानंतर फाटक उघडणार नाही.

झेरॉक्सला सर नाही म्हणाले, पान तुटेल.
पावतीच्या मागं हातानं उतरवून घेतलं.

रात्री फोनवर कुठल्याशा गिरणीचा भोंगा मिळाला,
बारा सेकंदांचा. नायनांच्या कानाशी धरला.
डोळे मिटून पूर्ण ऐकला.
"आपला नाही हा. आपला घोगरा.
शेवटी शेवटी जरा रडायचा."
हे फाईलीतही नव्हतं.

आज परत उठले. अंधार, चपला.
"तिसरा झाला काय गं?"
"नाही नायना, आत्ताशी पहिला.
तासभर आहे अजून."
"मग आधी सांगायचं की,"
म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

चपला मी खाटेजवळ सरकवल्या,
पायाला लागतील अशा.