तिसरी फळी

व्हरमाँटमधल्या आमच्या गावात औषधांचं दुकान एकच,
आणि त्यात तिसऱ्या फळीवर, कंबरेच्या उंचीला,
सफरचंदाच्या व्हिनेगरच्या गोळ्या.
लाल झाकण, साठ कॅप्सूल, अठ्ठावीस डॉलर.
बाटलीवर ठळक : पोटाच्या आरोग्यासाठी.
त्यापुढे एक चांदणी, तांदळाच्या कणीएवढी.
चांदणीचा खुलासा मागच्या अंगाला,
चष्मा लावून, उजेडात धरून वाचावा असा :
हा दावा सरकारने तपासलेला नाही.

मंगळवारी रॉयस तिबोडो आला.
टेकडीवर त्याची बाग, तीनशे झाडं.
खाली पडलेली फळं दरवर्षी ट्रकने कारखान्यात जातात,
किलोमागे काही सेंट.
त्यातलंच एखादं भुकटी होऊन परत आलं असेल, म्हणाला,
आणि आता मीच ते विकत घेतोय.
हसला. हसताना हात पोटावर.

खरं सांग, हिल्डा, यानं फरक पडतो?

एकवीस वर्षं गल्ल्यामागे उभी आहे मी,
गावातली पोटं मला चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीची.
म्हटलं, अभ्यास झालेत. छोटे.
थोडी माणसं, थोडे आठवडे.
जेवणानंतरची साखर जरा कमी चढते, कदाचित.
आतड्यांचं विचारशील, तर
ठासून सांगावं असं माझ्यापाशी काही नाही.
आणि आत व्हिनेगर किती, ते त्या कॅप्सूललाच ठाऊक.

कधीपासून दुखतंय?
मेपासून.

मे महिन्यात एका रात्रीत दहिवर गोठलं होतं.
पहाटे चारला हा झाडांखाली शेकोट्या पेटवत फिरला.
सकाळी पाकळ्या पांढऱ्याच होत्या,
फुलाचं पोट तेवढं काळं पडलेलं,
नखानं उघडल्याशिवाय कळू नये असं.

पोटात गोळा येतो तो असा.
त्यावर गोळी शोधायला आलेल्या माणसाला
हे काउंटरवरून कसं सांगायचं?
डॉक्टरकडे जा, म्हटलं. वजन उतरलंय तुझं.
त्याने बाटली तरीही घेतली.
मी पैसे तरीही घेतले.

शुक्रवारी परत आला, काखेत बरणी.
घरचं व्हिनेगर, गढूळ, चहाच्या रंगाचं,
त्यात सायीसारखं काहीतरी लोळत पडलेलं.
ही आई, म्हणाला.
इथे तिला आईच म्हणतात,
तिचा तुकडा नव्या बरणीत टाकला की तीही आंबू लागते.

हिच्यानं बरं वाटतं?
छे. कोबीवर घाल, चव येते.
आणि डॉक्टर?
सोमवारी, म्हणाला, दाराबाहेर गेल्यावर.

बरणी मी खिडकीत ठेवली आहे,
विकायच्या वस्तूंपासून लांब.
ट्रक गेला की काच थरथरते, आई जरा कूस बदलते.
तो सोमवार होऊन गेला, पुढचाही.
रॉयसची गाडी मला दिसलेली नाही.

काल एक कोवळी पोरगी, पोट आवळून धरलेली :
ते सफरचंदाचं कुठे असतं हो?
तिसरी फळी, म्हटलं.
मग राहवलं नाही, हाक मारली.
मागची बाजू आधी वाच, बाळ.
बारीक आहे. चष्मा देऊ?