नसलेल्या प्रिंटरची सेटिंग्ज

यादीत तो तिसरा. त्याला शाई लागत नाही,
त्यात कागद अडकत नाही, त्याला वायरसुद्धा नाही.
पण छपाईचा हुकूम त्यालाच द्यायचा,
मग तो विचारतो: आकार? ठिपके किती? रंगीत की करडं?
कुटाइसीच्या बाजारामागे, किल्ल्या करणाऱ्याला लागून
माझं दुकान. बावीस वर्षं मी ओके दाबत आलोय,
न वाचता.

त्सियाला गुलबानी मेस्तियाहून आल्या, पाच तास
मिनीबसमध्ये, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर चीजची पिशवी.
नवऱ्यानं जमवलेले स्वान भाषेतले शब्द,
दोन हजार एकशे चौदा.
तो गेल्यावर ह्यांनी टाइप केले,
एका बोटानं, तीन हिवाळे.
"विद्यापीठाला पीडीएफ हवी. परवापर्यंत.
इथे तर सगळं नीट दिसतंय, बघ."

दिसत होतं खरंच.
मी सवयीनं दाबलं. फाइल झाली. उघडली.
आमच्या लिपीतल्या ज्या आ-च्या डोक्यावर
त्यांच्या भाषेत दोन टिंबं बसतात,
त्या प्रत्येक जागी एक चौकोन.
चौकट बसवली आणि घर बांधायचं राहून गेलं, तसा.
त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसून पुन्हा लावला.
चौकोन तिथेच.

मग पहिल्यांदाच मी आत शिरलो.
गुणधर्म. प्रगत. त्याच्याही आत एक पान,
तिथे बारीक अक्षरात:
फॉन्ट – यंत्राजवळचा बदली वापरावा.
ही खूण केली कुणी? कुणीच नाही.
कारखान्यातून आली तशीच.
म्हणजे अक्षर हातात आलं की ड्रायव्हर
आधी स्वतःच्या पेटीत बघतो,
साधारण तसलं काही सापडलं तर तेच ठेवून देतो,
नाहीतर चौकोन.
नोंदणी कचेरीत असाच एक कारकून होता.
माझ्या आजोबांचं आडनाव त्यानं
त्याला येत होतं तसं लिहिलं.
आम्ही अजून तेच लावतो.

दुसरा मार्ग सोपा होता: सगळा मजकूर चित्र म्हणून.
टिंब न् टिंब जागेवर, कुठेही उघडा.
"मग ह्यात शब्द शोधता येईल?"
नाही, म्हटलं, चित्रात नाही शोधता येत.
"हाक मारली तर ओ न देणारा फोटो
आहे माझ्याकडे एक. भिंतीवर."

तेव्हा नीट बसलो.
कागद ए-फोर; तो अमेरिकन लेटर धरून बसला होता
आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ खात होता.
ठिपके सहाशे. करडं नको,
कारण नवऱ्याला ज्या शब्दांची खात्री नव्हती
ते त्यानं लाल ठेवले होते,
आणि शंका दिसायला हवी.
फॉन्ट आत बांधून द्यावेत. वापरलेलीच अक्षरं?
"सगळी. उद्या कुणी शब्द वाढवला तर?"
चारशे केबीची फाइल तीन एमबी झाली,
स्वतःचं अंथरूण-पांघरूण घेऊन निघालेल्या
पाहुण्यासारखी.

त्यांनी शोधच्या चौकटीत एक शब्द टाइप केला, एका बोटानं.
पान एकसष्ट. लाल होता.
अर्थ मी विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही.
पाच लारी झाले. चार दिले,
आणि चीजची पिशवी उचलून निघाल्या.

संध्याकाळी अपडेट आलं,
खूण मुकाट्यानं आपल्या जुन्या जागी.
आता सकाळी शटर वर केलं की आधी
मी तिथवर जाऊन येतो,
गुणधर्म, प्रगत, त्याच्याही आत.