पती म्हणजे लहान

शहापुरात खडे बाजाराच्या बोळात माझं दुकान,
परशराम बिर्जे, बोर्ड, बॅनर, नंबरप्लेट.
बस्त्याव मास्तरांनी सायकल भिंतीला टेकवली,
म्हणाले, "परश्या, अक्षरं काढायची हाईत. फ्रेंच."
कन्नड काढतो, मराठी काढतो,
कॅम्पातल्या मिलिटरीवाल्यांना हिंदी.
हे आणि काय नवीन?

चौदा पुठ्ठे. सात मराठीत, सात कन्नडात.
शिवलीला हुक्केरीला मराठी वाचायला येत नाही,
क्लारिना सोजचं कन्नड जोडाक्षरापाशी बसतं,
आणि गाणं एक. सगळ्यांच्या तोंडून एकदम निघायला पाहिजे.

मास्तर स्टुलावर बसून सांगायचे,
मी घासलेटात ब्रश धूत ऐकायचा.
तेओफील व्होक्लॅर. पाव भाजणाऱ्याचा पोरगा.
गाव अगदी सरहद्दीवर. सात वर्षांचा होता
तेव्हा एका सकाळी शाळेवरची पाटी बदललेली:
गुरुजी तेच, फळा तोच, धडा दुसऱ्या भाषेत.
"हे ऐकायला फ्रान्सला कशाला जायला पाहिजे वो,"
समोरचा टेलर मशीन न थांबवता ओरडला.

पुढं गळ्याचं दुखणं झालं, आवाज गेला तो गेलाच.
मग दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी लिहीत बसला,
चाळीस वर्षं, भट्टीच्या वरच्या खोलीत;
थंडीत तिथली फरशी ऊन असायची म्हणून.
वाद्य एक नाही. नुसते गळे.
गिरणीतल्या बाया, पोस्टमन, एक तोतरा सुतार.
सुताराला लांबलांब सूर द्यायचा,
लांब सुरात तो अडखळत नसे.

मी पहिल्या पुठ्ठ्यावर काढलं: पतीत.
मास्तर हसून हसून खोकायला लागले.
"पतीत न्हवं रे, पती. शेवटचा त लिव्हायचा, म्हणायचा न्हाई.
पती म्हणजे लहान."
रात्री घरी सांगितलं.
बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांना बरं कळालंय."

"म्हणायचा नाही तर खोडू काय तो त?"
"खोडू नको. पुढं स्वर आला की जागा होतो.
पती, आणि आंफां म्हणजे लेकरू. जोडून म्हण बघू."
पतीतांफां.
दुकानात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.
मग सगळ्या पुठ्ठ्यांवर तो त
राखाडी रंगात काढला, बारीक.
कन्नडातला ತ सुद्धा. तो मला जास्त गोल जमतो.

चूक झाली ती स्वल्पविरामांची.
मूळ कागदावर ते ओळीच्या वर, हवेत लटकलेले.
मला वाटलं माशीची घाण,
नाहीतर छापणाऱ्याचा हात हललाय.
जे दिसले ते खाली आणून ओळीत बसवले,
काही सरळ गाळले.
तालमीला पोरी तिसऱ्या ओळीत लालबुंद,
मुमताज किल्लेदार मटकन खाली बसली.
"अरे, तिथं श्वास घ्यायचाय!" मास्तर म्हणाले.
"आवाज गेलेल्या माणसानं
दुसऱ्यांचा दम कुठं संपतो ते मोजून ठेवलंय,
आणि तू ते पुसलंस."

त्या रात्री दुकान बंद केलं नाही.
चौदा पुठ्ठे, प्रत्येकावर एकवीस स्वल्पविराम,
तांबडे, ओळीच्या वर.
एवढ्या मन लावून मी कुठल्या पुढाऱ्याचं नावही काढलेलं नाही.

नोव्हेंबरात झालं एकदाचं गाणं.
मी मागच्या बाकावर, दाराजवळ, चप्पल बाहेर काढून.
क्लारिनाच्या हातात पुठ्ठा उलटा,
शिवलीलाच्या हातात चक्क मराठी.
कुणी खाली बघतच नव्हतं.
शब्द कळले नाहीत. एक त कळला,
चौदा गळ्यांतून एकदम, जागा झालेला.
बाकी कुणाच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही.

माझ्या दुकानाच्या बोर्डाला दोन हात रंग आहेत.
खालच्या हातात बापानं काढलेलं नाव,
संध्याकाळचं ऊन तिरकं झालं की
त्यातला एक रफार वर येतो.
गिऱ्हाईक म्हणतं, तिसरा हात मार की.
मी म्हणतो, मारू.
म्हणतो, आणि दुसऱ्याच कुणाची नंबरप्लेट घेऊन बसतो.