स्टेपनीखाली

सानपाड्याच्या पुलाखाली बॉनेट उघडलं.
पनवेलचा पोरगा वाकून बघत राहिला,
विहिरीत डोकवावं तसा.

"टर्बो कुठला?"
जपानी, भंगारातला,
न्हावा शेवाला कंटेनरमधून उतरलेला.
"स्प्रिंगा?"
कापलेल्या. सेक्टर पंधराचा प्रत्येक गतिरोधक
मी तिरका ओलांडतो, खेकड्यासारखा.
"एकूण किती घातले?"
मी खाडीकडे बघितलं.

सुझुकीची अल्टुरा. लांब पाठ,
शोरूममध्ये कुणालाच नको होती.
"शववाहिका घेतलीस की काय?" म्हणाला होता
चुलतभाऊ, आणि मग पाम बीचवर
वरचं हँडल धरून गप्प.

सौदा ठरला. डिकी रिकामी करताना
स्टेपनीखाली हात घातला.
तिथे मी बिलं लपवायचो, चुरगाळून,
बारा वर्षं.

होती. पण इस्त्री फिरवल्यासारखी सपाट,
तारीखवार, पिन मारलेली.
शेवटच्या कागदामागे हेमांगीच्या अक्षरात बेरीज,
आणि खाली बारीक:
गॅस्केटचं सापडलं नाही.

पोराने पुन्हा विचारलं, किती घातले.
या वेळी सांगितला आकडा,
पैशापर्यंत, गॅस्केटचे मिळवून.
तो हसला.
त्याला वाटलं, मी भाव चढवतोय.