चौथी चाल

गोळीबार चौकात, बंद शटरच्या पायरीवर
रात्री साडेनऊला हेडाऊ काका पट उलगडतात.
रेग्झिनला घड्या पडल्यात,
एक काळं प्यादं कधीचंच हरवलंय,
त्याच्या जागी सुपारी.
घड्याळ मात्र अजून खणखणीत,
तीन मिनिटं त्यांची, तीन माझी,
बटण असं वाजतं
की पलीकडचा खर्रेवाला घोटता घोटता थांबतो.

डाव त्यांनीच शिकवला.
चाळीस वर्षं हातमागावर बसलेला माणूस,
शिकवताना पटाची भाषा कमी, मागाची जास्त :
"ताण्यात एक धागा चुकला नं बापा,
तो पदरापर्यंत चालत येते.
दिसला का तिथंच धरा लागते.
मग धरतो म्हणशीन, तं लुगडं गेलं."

आज डोळ्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झालेत.
रात्रीही काळा चष्मा.
त्यांचा उंट माझ्या घोड्याला
वजिराशी बांधून बसलेला,
आणि चौथ्या चालीला त्यांनी
सुपारी एक घर पुढे सरकवली.

मला दिसलं.
बांधलेला घोडा उठवायचा, वजीर उघडा टाकायचा.
खाल्ला तर उंटाचा शह, घोड्याची मात,
नाही खाल्ला तरी एक प्यादं खिशात.
सगळं दिसलं, अगदी स्वच्छ,
आणि मी त्या काळ्या काचांकडे बघत राहिलो.
काटा चालत होता.
मग राजा कोपऱ्यात नेला,
पाहुण्यांकडे चप्पल काढून ठेवावी तसा.

काकांनी मान वर केली नाही.
पुढच्या चाली त्यांनी अशा टाकल्या
जसा धोटा जातो, येतो, जातो,
आणि मी प्रत्येक घरावर अडखळत.
चौतिसाव्या चालीला माझं लाल निशाण पडलं.
त्यांच्या काट्याला अजून बोटभर उसंत होती.

"दिसली होती नं तुले?"
मी गप्प.
"मंग कावून नाही मारली?
माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं बे,
डावाचं नाही."

पट पुन्हा मांडला. पांढरी पुन्हा माझ्याकडे.
त्याच चाली, त्याच घाईत,
तोच उंट, तीच गाठ,
आणि चौथ्या वेळी त्यांची बोटं सुपारीवर गेली,
क्षणभर थांबली,
सरकवली.

चूक होती की परीक्षा, मी विचारलं नाही.
घोडा उचलला.
बटण इतक्या जोरात दाबलं
की खर्रेवाल्याचा हात थांबला.