इवनल्ल

निपाणीत पुस्तकांनाही तंबाखूचा वास येतो.
त्यामुळंच वाळवी लागत नाही, असं बाळगौडा म्हणतो.
खरं-खोटं त्याला ठाऊक. पण त्याच्या लायब्ररीतल्या
चार नंबरच्या कपाटातले सगळे खून
मी शिंकत शिंकत वाचलेत.

बेळगावच्या साप्ताहिकात पंधरवड्याला
माझं दोनशे शब्दांचं परीक्षण येतं.
मुचंडीकरांची अट एकच : शेवट सांगायचा नाही.
मी सांगत नाही.
एवढंच लिहिते, की प्रेत फार लवकर सापडलं,
की मनोविकारांचा डॉक्टर आला की माझा संशय त्याच्यावर जातो
आणि हल्ली तो खरा ठरतो, हे बरं नव्हे,
की मेलेली बाई दर वेळी देखणीच का,
की खून झाल्यावर फरशी कोण पुसतं
हे एकाही कादंबरीत लिहिलेलं नसतं.

ही शेवटची ओळ त्यांनी दोनदा कापली.

भाद्रपदात एक पुस्तक आणलं.
पान त्रेचाळीस. नायिकेचा दीर
मध्यरात्री हात धुताना दिसतो,
तिथं समासात, जांभळ्या पेन्सिलीनं, कानडीत एकच शब्द :
इवनल्ल.
हा नव्हे.

माझी कानडी भाजी, भाडं आणि बसच्या पाटीपुरती.
अक्षरं जुळवायला वेळ लागला
आणि जुळली तेव्हा चिडले.
शेंगा आपण फोडाव्यात, दाणे भलत्यानंच खावेत, तसं.
सत्तावन्नवर परत : इवनल्ल.
एकशे बारावर पुतणीचा संशय यायला लागला, तर : इवळल्ल.
हीपण नव्हे.

मग गोष्ट राहिली बाजूला
आणि मी त्या पेन्सिलीचाच तपास सुरू केला.
अक्षर कुठं थरथरतं, कुठं एकदम सरळ.
शिवणीत अडकलेलं निपाणी–चिकोडीचं अर्धं तिकीट.
थरथरतं ते खडकलाटच्या अलीकडं, रस्ता उखडलाय तिथं.
सरळ ते चिकोडी स्टँडवर,
गाडी चहाला दहा मिनिटं थांबते तेव्हा.
म्हणजे कंडक्टर.
नाहीतर रोज जाऊन-येऊन करणारी एखादी मास्तरीण.

बाळगौडा म्हणाला, रजिस्टरात नाव असेल की, बघा.
मी रजिस्टर उघडलं नाही.
शेवटचं पान आधी बघणाऱ्यांतली मी नव्हे.

त्या रात्री खुनी नवरा निघाला.
शेजारी आमचे हे घोरत होते,
कवळी पेल्यात, तोंड उघडं.
उठून गॅसचं बटण पाहिलं. कडी पाहिली.
परत येऊन त्यांच्या अंगावर चादर ओढली.

पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानावर
मी मराठीत लिहिलं :
तुम्हाला आधीच कसं कळलं?
लायब्ररीच्या पुस्तकावर लिहिणाऱ्यांना
मीच एकदा छापून झोडपलं होतं.

परीक्षण आलं, शेवट न सांगता.
मधे सीमेच्या नावानं दोन दिवस गाड्या बंद होत्या,
मग सुरू झाल्या, पाट्यांवरचं काळं तसंच घेऊन.
संक्रांतीच्या सुमाराला तेच पुस्तक पुन्हा मागितलं.
हे झालंय की तुमचं, बाळगौडा म्हणाला.
असू दे, म्हटलं.

माझ्या ओळीखाली जांभळं उत्तर होतं,
सरळ अक्षरात, म्हणजे गाडी थांबलेली असताना :
नेल यारु ओरसिदरु? नोड्री, १९.

फरशी कुणी पुसली? बघा, एकोणीस.

पान एकोणीस. दुधाचा हिशोब, पाहुण्यांची चप्पल,
आणि त्या दोहोंच्या मधे अर्धं वाक्य :
कधी नव्हे तो नवरा ओलं फडकं पिळत होता.
दोनशे शब्द लिहिणाऱ्या बाईला
ते अर्धं वाक्य दिसलं नव्हतं.

मुचंडीकरांना कार्ड टाकलं :
तुम्ही कापलेली ओळ कापली ते बरंच झालं.
तरी एक दुरुस्ती छापायची आहे.
कोणती ते विचारू नका,
शेवट सांगावा लागेल.